किर्शनरचा तुटलेला हात : एका आत्मचित्रातली भावना कुठे शोधायची?

तुमचा प्रश्न आधी इथे मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तुम्ही चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि एर्न्स्ट लुडविग किर्शनर या जर्मन अभिव्यक्तिवादी, म्हणजे बाहेरच्या दिसण्यापेक्षा आतली भावना रंगवणाऱ्या, चित्रकाराचं 1915 मधलं ‘सैनिक म्हणून आत्मचित्र’ तुम्हाला अभ्यासाला आहे. चित्रात त्याचा उजवा हात मनगटापाशी तुटलेला दिसतो, प्रत्यक्षात मात्र तो शाबूत होता. मग हे खोटं रंगवणं झालं का? चेहरा इतका कोरा असताना याला भावनांचं चित्र का म्हणायचं? आणि तुम्हाला स्वतःच्या आत्मचित्रांची मालिका करायची आहे, तर यातून काय घ्यावं? असे तीन प्रश्न आहेत.

मी पोर्ट्रेट रंगवतो आणि शिकवतो, त्यामुळे उत्तर रंगवणाऱ्याच्या बाजूने देतो. माझं म्हणणं असं की या चित्रातली भावना चेहऱ्यात शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. किर्शनरने ती चेहऱ्यातून काढून घेतली आणि हातात, गणवेशात, मागे उभ्या असलेल्या स्त्रीत वाटून टाकली. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीत आहेत.

आधी चित्राकडे नीट बघू. तैलरंगातलं हे काम मोठं नाही, साधारण 69 बाय 61 सेंटिमीटर. सध्या ते अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ओबर्लिन कॉलेजच्या ॲलन मेमोरियल आर्ट म्युझियममध्ये आहे. पुस्तकातल्या आणि स्क्रीनवरच्या प्रतिमा बघून ते भिंतभर असेल असं वाटतं, पण माणसाचा चेहरा जवळपास आहे त्याच मापाचा राहावा एवढाच तो कॅनव्हास आहे. समोर किर्शनर उभा आहे. अंगावर तोफखान्याचा गडद निळा गणवेश, लाल कॉलर, डोक्यावर टोपी, गणवेशावर रेजिमेंटचा 75 हा आकडा. तोंडात सिगारेट. चेहरा लांबट, कोनदार, पिवळसर. डोळ्यांत बुबुळं नाहीतच, नुसता निळा रंग भरलेला. उजवा हात वर उचललेला आहे आणि मनगटापाशी संपतो. पट्टी नाही, बँडेज नाही, तुटल्या जागी लाल रंग. दुसरा हात आहे, पण तोही पंज्यासारखा आखडलेला, काहीही न धरलेला. मागे एक नग्न स्त्री आणि स्टुडिओतला कॅनव्हास. दोघांची नजर एकमेकांना कुठेही भेटत नाही.

आता प्रत्यक्षात काय घडलं ते. किर्शनर 1880 चा, जन्म आशाफेनबुर्गचा. ड्रेस्डेनमध्ये वास्तुकला शिकत असताना त्याने फ्रिट्झ ब्लाइल, एरिख हेकेल आणि कार्ल श्मिट-रोटलुफ यांच्याबरोबर 1905 मध्ये ‘डी ब्र्युके’, म्हणजे ‘पूल’, हा गट काढला. 1911 मध्ये तो बर्लिनला आला, 1913 मध्ये गट फुटला. फुटायला निमित्त झालं ते किर्शनरनेच लिहिलेल्या गटाच्या इतिहासाचं. त्यात त्याने स्वतःला फार वरची जागा दिली असं बाकीच्यांना वाटलं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. सक्तीने पायदळात ढकललं जाण्यापेक्षा आपणच नाव नोंदवलेलं बरं, असा विचार करून तो ‘नाइलाजाचा स्वयंसेवक’ झाला; हे त्याचे स्वतःचे शब्द. हाले या गावी 75 व्या फील्ड आर्टिलरी रेजिमेंटमध्ये त्याचं प्रशिक्षण झालं, घोडे सांभाळायचं आणि तोफगाडे हाकायचं. काही महिन्यांतच त्याची प्रकृती आणि मन दोन्ही ढासळलं. हान्स फेर नावाच्या, कलेची जाण असलेल्या अधिकाऱ्याच्या मदतीने त्याला रजा मिळाली आणि पुढे लष्करातून सुटका. आघाडीवर तो कधी गेलाच नाही. बर्लिनला परतल्यावर, 1915 च्या शरद ऋतूत, हे चित्र झालं.

म्हणजे गोळी लागली नाही, खंदक पाहिला नाही, हात तुटला नाही. पण ‘खोटं’ हा शब्द इथे बसत नाही. घडलेल्या घटनेची नोंद म्हणून हे चित्र कुणापुढे ठेवलेलंच नाही. त्याला भीती होती ती एकच : गणवेश घातलेला मी आता चित्र काढू शकणार नाही. चित्रकाराच्या बाबतीत ही भीती हाताशिवाय दुसऱ्या कशाने दाखवणार? छातीत गोळी दाखवली असती तर मरणाची भीती झाली असती. डोळे फोडलेले दाखवले असते तर तेही जवळ गेलं असतं, आणि ते त्याने बुबुळं काढून अर्धंमुर्धं केलंच आहे. पण कापलेला उजवा हात म्हणजे थेट धंद्यावर घाव. माणूस जिवंत आहे, सिगारेट ओढतोय, उभा आहे, फक्त जे करण्यासाठी तो होता ते आता त्याला करता येत नाही.

इथे एक गोष्ट रंगवणाऱ्यालाच लवकर जाणवते. आरशात बघून आत्मचित्र करताना सगळ्यात त्रासाची वस्तू म्हणजे काम करणारा हात. चेहरा स्थिर ठेवता येतो, दुसरा हात मांडीवर ठेवता येतो. ब्रश धरलेला हात मात्र सतत हलत असतो. तो बघायचा म्हणजे थांबवायचा, आणि थांबवला की चित्र थांबतं. म्हणून कितीतरी आत्मचित्रांत हा हात चौकटीबाहेर जातो, सावलीत विरघळतो किंवा नुसता सुचवून सोडलेला असतो. किर्शनरने तो लपवला नाही. त्याने तो चौकटीत वर उचलून धरला आणि पुढचा भाग नाही असं दाखवलं. ते ‘नसणं’ रंगवलं कुणी? त्याच हाताने. तुटलेल्या मनगटावरचा लाल रंग नेमका, थंडपणे, नीट लावलेला आहे. हात गेला असं सांगणारं चित्र हात शाबूत असल्याशिवाय होऊच शकत नाही, ही ओढाताण चित्राच्या पोटात कायम राहते. मला हे चित्र मोठं वाटतं ते मुख्यतः यामुळे.

आता चेहरा. एक प्रयोग करा. चित्राची चांगली प्रिंट घ्या आणि अंगठ्याने तुटलेलं मनगट झाका. मागे उरतो तो जरा त्रासलेला, टोपी घातलेला, सिगारेट ओढणारा सैनिक. अशी पोर्ट्रेट त्या काळात पुष्कळ झाली. आता मनगट उघडं ठेवा आणि चेहरा झाका. चित्राचा धक्का जवळजवळ तसाच राहतो. हा चेहरा वेदना दाखवत नाही. तोंड वाकडं नाही, कपाळावर आठी नाही, किंचाळी नाही. नवशिक्यांना भावना म्हणजे चेहऱ्याचे स्नायू वाटतात, त्यामुळे दुःख रंगवायचं म्हटलं की ओठांची टोकं खाली आणि भुवया वर जातात. किर्शनरने चेहरा मुखवट्यासारखा ठेवला. हात तुटलेला असताना चेहऱ्यावर वेदना नसणं हे वेदनेपेक्षा भयंकर आहे. आपल्याला काय झालंय ते या माणसापर्यंत पोचलेलंच नाही, किंवा पोचून बराच काळ लोटलाय.

डोळ्यांच्या निळ्याकडे पुन्हा बघा. हा गणवेशाच्या निळ्याचाच भाऊबंद आहे. गणवेशाचा रंग माणसाच्या आत शिरून डोळ्यांतून बाहेर बघतोय, असा त्याचा परिणाम होतो. माणसाची ‘ओळख’ म्हणतात ती इथे रंगाच्या एका निर्णयात आहे. निळा कॅनव्हासवर मोठी जागा अडवतो, लाल कॉलर गळ्याला कापून जाते, आणि तोच लाल तुटल्या मनगटावर पुन्हा येतो. कॉलर आणि जखम एकाच रंगात बांधल्या गेल्या. गणवेशाने जखम केली, हे वाक्य कुठेही न लिहिता रंगाने म्हटलं जातं.

तंत्राबद्दल थोडं. 1910 च्या आसपास ब्र्युकेची मंडळी तैलरंगात बेंझिन मिसळून तो पातळ करत. रंग चटकन वाळतो, मोठे सपाट भाग वेगाने भरता येतात आणि पृष्ठभाग चकाकत नाही. आपल्या चित्रांना वार्निश लावायला किर्शनरचा विरोध असे. प्रत्यक्ष चित्र बघायचा योग आला तर हा कोरडेपणा मुद्दाम बघा. चकचकीत छपाईत तो मरतो. त्याची रेष लाकडात कोरणाऱ्याची आहे, आणि ते स्वाभाविकच, कारण तो आयुष्यभर वुडकट, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेली चित्रं, करत होता. गालाची कड, नाक, जबडा हे ब्रशने फिरवून आणलेले वाटत नाहीत, पटाशीने काढलेले वाटतात.

हे चित्र एकटं बघू नका. त्याच्याशेजारी हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयातलं ‘मॉडेलसह आत्मचित्र’ ठेवा. ते 1910 चं, 1926 मध्ये त्याने त्यावर पुन्हा काम केलं. तिथेही पुढे किर्शनर, मागे अंतर्वस्त्रांतली मॉडेल, जागा स्टुडिओचीच. पण अंगावर नारिंगी-निळ्या पट्ट्यांचा भडक झगा आहे, तोंडात पाइप आहे आणि हातात रंगाने भरलेला जाड ब्रश. हा तरुण चित्रकार स्वतःच्या राज्यात उभा आहे. पाच वर्षांनी त्याने तीच मांडणी घेतली आणि एकेक वस्तू बदलली : झग्याच्या जागी गणवेश, पाइपच्या जागी सिगारेट, ब्रश धरलेल्या हाताच्या जागी काहीच नाही. जुन्या चित्राची आठवण ठेवून नवं चित्र बघितलं की नुकसान किती झालंय ते वस्तूगणिक मोजता येतं. मधला दुवा न्युरेंबर्गच्या जर्मानिशेस नॅशनल म्युझियममध्ये आहे. ‘मद्यपी’ नावाचं, 1914-15 चं. त्यातला टेबलाशी बसलेला माणूस किर्शनरच आहे. खिडकीखालून रात्रंदिवस लष्करी ताफे गोंगाट करत जात होते तेव्हा आपण ते रंगवलं, असं त्याने पुढे सांगितलंय.

मागच्या स्त्रीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिच्याशिवाय चित्र अपुरं आहे. काही अभ्यासक तुटलेल्या हाताचा संबंध पुरुषत्व गमावण्याशी लावतात आणि स्त्रीचं तिथे असणं त्याचा पुरावा मानतात. तो अर्थ मी नाकारत नाही, पण मला तो अपुरा वाटतो. किर्शनरसाठी स्टुडिओतली नग्न स्त्री म्हणजे रोजचं काम होतं, ड्रेस्डेनपासूनचं. मॉडेल मोकळेपणी वावरत असायची आणि पंधरा मिनिटांत पोझ बदलून झपाझप रेखाटनं व्हायची, हा ब्र्युकेचा रियाजच होता. इथे ती उभी आहे, पण चित्रकाराची तिच्याकडे पाठ आहे, त्याच्या डोळ्यांत बुबुळं नाहीत आणि हात नाही. मॉडेल हजर आहे आणि चित्रकार गैरहजर.

या स्त्री-आकृतीच्या निमित्ताने आपल्याकडचा एक धागा सांगतो, कारण तो खरा आहे आणि आपल्या वर्गांत फारसा सांगितला जात नाही. ड्रेस्डेनमध्ये असताना किर्शनरने जॉन ग्रिफिथ्सचे अजिंठ्यावरचे ग्रंथ पाहिले आणि तो भारावून गेला. ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख होते. 1872 पासून त्यांनी शाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या, आणि त्या आधारे 1896-97 मध्ये दोन खंड निघाले. म्हणजे मुंबईच्या विद्यार्थ्यांनी लेण्यांत बसून केलेलं काम छापील रूपात एका जर्मन चित्रकारापर्यंत पोचलं. त्याने त्यावरून रेखाटनं केली, आणि 1911 च्या ‘तळ्याकाठच्या पाच स्नान करणाऱ्या स्त्रिया’ या चित्रातल्या शरीरांना आलेला भरदारपणा त्याच ओढीतून आलेला आहे. बर्लिनला गेल्यावर हा भरदारपणा गेला, शरीरं टोकदार झाली, त्याच्या बर्लिनच्या रस्त्यांच्या चित्रांतल्या बायका सुरीच्या पात्यांसारख्या उभ्या राहिल्या. आत्मचित्रातली स्त्री या दुसऱ्या काळातली आहे. 1911 ची स्त्री आणि ही स्त्री शेजारी ठेवून बघा, चार वर्षांत माणसाच्या शरीराकडे बघण्याची त्याची नजर किती आक्रसली ते कळेल.

आता सावधगिरीची गोष्ट. हे चित्र बघून किर्शनरला युद्धविरोधी हुतात्मा करून टाकायचा मोह होतो. तसं करू नका. तो स्वतःची प्रतिमा घडवणारा माणूस होता आणि ते काम त्याने कॅनव्हासबाहेरही केलं. आपल्या चित्रांवर त्याने प्रत्यक्षापेक्षा आधीच्या तारखा टाकल्या, म्हणजे मातीस आणि मुंक या चित्रकारांचा प्रभाव पडला असं कुणी म्हणू नये. 1920 पासून त्याने लुई द मार्साल या फ्रेंच समीक्षकाच्या नावाने स्वतःच्या कलेची वाखाणणी करणारे लेख लिहिले. असा समीक्षक अस्तित्वातच नव्हता. 1933 मध्ये त्याने त्या मार्सालचा मृत्यूही जाहीर करून टाकला. ब्र्युकेच्या इतिहासाचं भांडण वर सांगितलंच आहे. मग हा लबाड माणूस म्हणून चित्राचं मोल कमी होतं का? माझ्या मते वाढतं. आपण कोण आहोत हे लोकांच्या मनात बसवण्यासाठी आयुष्यभर धडपडणाऱ्या माणसाने एकदा आपण कुणीच उरलो नाही असं रंगवलं, तेव्हा त्याची किंमत त्याला इतर कुणाहीपेक्षा जास्त मोजावी लागली असणार. त्याच वर्षी त्याने शामिसो या लेखकाच्या पेटर श्लेमिलच्या कथेवर रंगीत वुडकटची मालिका केली. श्लेमिल हा आपली सावली विकून बसलेला माणूस. हात नसलेला चित्रकार आणि सावली नसलेला माणूस ही एकाच वर्षातली भावंडं आहेत. पुढच्या वर्षी एका पत्रात त्याने लिहिलं की पूर्वी मी ज्या रस्त्यावरच्या बायका रंगवायचो तसाच आता मी झालोय, पुसट, पुढच्या क्षणी नाहीसा होणारा.

चित्रानंतर जे घडलं ते ऐकून अंगावर काटा येतो. दारू, व्हेरोनल ही झोपेची गोळी आणि मॉर्फिन यांच्या आहारी गेलेला किर्शनर टाउनस डोंगरातल्या क्योनिगश्टाइनच्या डॉ. कोनश्टाम यांच्या सॅनेटोरियममध्ये राहिला, नंतर स्वित्झर्लंडमध्ये दावोसला आणि क्रॉइझलिंगनला मनोविकारतज्ज्ञ लुडविग बिन्सवांगर यांच्याकडे. या काळात त्याच्या हातापायांत खरोखर लुळेपणा आला. हात चालेनासा झाला तो चित्रानंतर. याला भविष्यवाणी म्हणू नये, ते फार सोपं होतं. मनातली भीती आधी चित्रात आली आणि शरीरात नंतर उतरली, एवढं मात्र दिसतं. दावोसजवळ तो सावरला, पुन्हा वर्षानुवर्षं काम केलं, डोंगर आणि गुराखी रंगवले. तो भाग लोक विसरतात.

आणि ओळख हिरावून घेण्याचं काम चित्राच्या बाबतीत दुसऱ्यांनीही केलं. हे चित्र फ्रँकफुर्टच्या संग्रहालयात होतं. 1937 मध्ये नाझींनी ते जप्त करून म्युनिकच्या ‘अध:पतित कला’ प्रदर्शनात लावलं, आणि त्याला नाव दिलं ‘सैनिक आणि वेश्या’. एका फटक्यात चित्रकार गेला, स्टुडिओ गेला, मॉडेलचं काम करणारी स्त्री गेली. उरला जर्मन सैनिकाचा अपमान. लोकांना चिथवायला तेवढं पुरेसं होतं. जर्मन संग्रहालयांतली किर्शनरची 639 कामं त्या मोहिमेत काढून घेतली गेली, आणि प्रशियन कला अकादमीतूनही त्याला बाहेर पडावं लागलं. पुढच्या वर्षी ऑस्ट्रिया जर्मनीने गिळला, सैन्य सीमेपलीकडे येऊन ठेपलं, आणि 15 जून 1938 रोजी दावोसजवळच्या फ्राउएनकिर्शमध्ये किर्शनरने स्वतःवर गोळी झाडून घेतली. चित्र 1950 मध्ये ओबर्लिनला पोचलं. सांगायचा मुद्दा असा की शीर्षक हा आत्मचित्राचा अर्धा भाग असतो. ‘आत्मचित्र’ हा शब्द काढला की तोच कॅनव्हास दुसऱ्याच माणसाबद्दल बोलायला लागतो. तुमच्या मालिकेत शीर्षकांना ‘अनटायटल्ड 1, 2, 3’ असं उरकून टाकू नका.

आता तुमची मालिका. किर्शनरचे कोन, त्याचे भडक रंग, त्याचा तुटलेला हात यांतलं काहीही उचलू नका. शंभर वर्षांनी ते वेशभूषेसारखं दिसतं. त्याची रीत उचला. पहिलं चित्र अगदी सरळ करा : तुम्ही, तुमची नेहमीची जागा, रोज हातात असणाऱ्या वस्तू. मग स्वतःला विचारा की यातलं काय गेलं तर मी मी राहणार नाही. उत्तर प्रामाणिक असू द्या. ते हातच असेल असं नाही. फोन असेल, घरातलं एखादं माणूस असेल, भाषा असेल. दुसऱ्या चित्रात मांडणी तीच ठेवा आणि तेवढीच एक गोष्ट काढा किंवा बदला. चेहऱ्यावर भाव आणू नका. आरशासमोर बसून चेहरा सैल सोडायला वेळ लागतो, कारण आरसा दिसला की आपण आपोआप चेहरा करतो. पहिली काही रेखाटनं त्यातच जातील, ती जाऊ द्या. रंग लावायला घेण्याआधी एकच रंग असा ठरवा की जो दोन ठिकाणी येईल, एकदा जिथे तो स्वाभाविक आहे तिथे आणि एकदा जिथे तो दुखतो तिथे. आणि गेलेल्या वस्तूची जागा सावलीत किंवा चौकटीबाहेर ढकलू नका. ती पुढे आणा, उजेडात, आणि तिच्यावर चित्रातल्या इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त वेळ काम करा.